पेटीला जागा

"इथे?" तोआनने विचारलं.

"नाही," खिडकीतून उत्तर आलं.

त्याने पेटी पुन्हा खांद्यावर घेतली, फणसाच्या झाडाखाली नेली, जमिनीवर ठेवली आणि बाजूला होऊन उभा राहिला.

"आणि इथे?"

"पान पडलं ते ऐकू आलं. पेटी नाही."

"मघाशी केळीपाशी ठेवली तेव्हा?"

"तेव्हा तुम्हाला लागलेला दम ऐकू येत होता. तो धरायचा का?"

पेटीत मधमाश्या नव्हत्या. त्या अजून डोंगरात, नाम दोंगला, त्याच्या मेव्हण्याकडे होत्या. पेटीत रेडिओ होता, आणि तो कुठल्याच स्टेशनवर लावलेला नव्हता. दोन स्टेशनांच्या मधे काटा ठेवला की जी घरघर येते ती भरल्या मोहोळाच्या आवाजाशी तंतोतंत जुळते, असं मियेनचं म्हणणं होतं. मियेन म्हणजे तोआनची बायको. तिचा बाप पोकळ ओंडक्यांत माश्या पाळायचा आणि ती त्याच घरात वाढली, तेव्हा या विषयावर तिच्याशी वाद घालायची कुणाची प्राज्ञा नव्हती.

मी फाटकाशी उभा राहून हे बघत होतो. गंमत म्हणून नव्हे, कर्तव्य म्हणून. मी आमच्या गल्लीचा प्रमुख आहे. ज्या सभेला मी गेलो नव्हतो त्या सभेत माझी एकमताने निवड झाली, आणि तेव्हापासून मी एकही सभा चुकवलेली नाही. गल्लीत कुणाचं कुणाशी फाटलं तर चहा पाजून ते शिवायचं, एवढंच माझं काम. सरकार चहाचे पैसे देत नाही.

तोआन आता न्यानताईंच्या कुंपणभिंतीपाशी आला. मियेनची खिडकी तिथून हाताच्या अंतरावर. त्याने पेटी ठेवली.

"इथे?"

खिडकीतून काहीच आलं नाही. तोआनला वाटलं तिला झोप लागली. तो वाकून बघायला गेला तेवढ्यात ती म्हणाली, "हलू नका. बोलू पण नका जरा."

आम्ही दोघंही हललो नाही. पेटी घरघरत होती. भिंतीपलीकडून एक शंकूच्या आकाराची टोपी वर आली, आणि टोपीखालून न्यानताई.

"काय हो भाऊ, रेडिओ बिघडलाय का? सकाळपासून नुसती खरखर!"

"बिघडला नाही, ताई," तोआन म्हणाला. "बरोबर लागलाय."

*

तोआनबद्दल सांगण्यासारखं फारसं काही नाही, आणि तेच सांगायचं आहे. तीस वर्षं तो बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं रेल्वे फाटक सांभाळत होता. गाडी यायची वेळ झाली की फाटक पाडायचं, गाडी गेली की उचलायचं. या कामात पडलेल्या फाटकाबद्दल शिव्या मिळतात आणि उचललेल्या फाटकाबद्दल आभार मिळत नाहीत. लग्नाला निघालेला नवरदेव, बाळंतीण घेऊन निघालेली रिक्षा, परीक्षेला उशीर झालेली पोरं, सगळ्यांनी त्याचा उद्धार केलेला होता. तो कुणाला उलट बोलला नाही. "येतेय, येतेय," एवढंच म्हणायचा. गाडी येतच असायची, त्यामुळे तो कधी खोटाही ठरला नाही.

रेल्वेने त्याला राहायला दिलेली खोली रुळांना इतकी चिकटून होती की गाडी जाताना भांडी मांडणीवरून आपोआप खाली यायची. मियेनने तिथे तीस वर्षं काढली. निवृत्तीनंतर ह्युए शहराच्या या शांत कोपऱ्यात, आमच्या गल्लीत, त्यांनी हे छोटं घर घेतलं. समोर बोटभर अंगण, मागे चार झाडं. मियेन म्हणाली, आता मी इथे भाजी लावणार. आणि दुसऱ्याच वर्षी तिच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. तेव्हापासून ती त्या खिडकीशी असते. जीभ मात्र शाबूत राहिली. डॉक्टर म्हणाले की हे चांगलं लक्षण आहे. डॉक्टर त्या घरात राहत नव्हते.

तिने कधी काही मागितलं नव्हतं. एक दिवस मेव्हणा डोंगरातून आला, माश्यांच्या गोष्टी निघाल्या, आणि तो गेल्यावर ती नवऱ्याला म्हणाली, "तुमच्या गाड्या मी तीस वर्षं ऐकल्या. आता थोडं माझं ऐकायचंय."

तोआन दुसऱ्या दिवशी पेटी करायला सुताराकडे गेला.

अडचण एवढीच होती की तिला ऐकू येईल अशी जागा सगळ्या आवारात एकच होती. आणि ती न्यानताईंच्या भिंतीला लागून होती.

*

चहा माझ्याकडे झाला. एका बाजूला न्यानताई, दुसऱ्या बाजूला लाककाका, मधे तोआन, आणि चहापात्राशी मी. लाककाका तोआनचे दुसऱ्या बाजूचे शेजारी. ते राजघराण्यातले आहेत. म्हणजे आमच्या या जुन्या राजधानीच्या गावात दर तिसरा माणूस असतो तितपतच. पण बाकीचे ते विसरलेत आणि लाककाका विसरलेले नाहीत.

"माझं काही नाही," न्यानताईंनी सुरुवात केली. ज्यांचं फार काही असतं ते अशीच सुरुवात करतात. "भाऊंनी हत्ती पाळावा. पण माझा धंदा आल्याचा. वर्षाच्या शेवटच्या महिन्यात माझ्या अंगणभर साखरेत घोळवलेल्या आल्याच्या चकत्या पसरलेल्या असतात. त्या एका महिन्यावर मी अकरा महिने जगते. आणि भाऊ साखरेच्या उशाशी माश्यांचं गाव वसवणार?"

"मी जाळी बांधून देतो, ताई. सगळ्या अंगणावर," तोआन म्हणाला.

"जाळीखाली आलं घामेजतं. चिकट आलं कोण घेतं? तुम्ही घेता?"

"मी नेहमीच घेतो."

"तुम्ही चिकट घेत नाही. मी तुम्हाला चांगलं देते."

ते खरं होतं. वारं गेलं तेव्हा मियेनला पहिला महिनाभर पेज भरवायला न्यानताईच येत होत्या. भांडायला वाईट माणूस मिळाला असता तर माझं काम सोपं झालं असतं.

लाककाकांनी घसा साफ केला. "माश्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पिवळे ठिपके पाडतात. माझा पांढरा अंगरखा आहे. पूर्वजांच्या पूजेचा."

"तो तुम्ही वर्षातून दोनदा धुता," मी म्हणालो.

"आणि त्या दोन दिवशी ठिपके पडले तर?"

मग त्यांनी खरा मुद्दा काढला. पेटी म्हणजे घर. घर बांधताना आपण दिशा बघतो की नाही? मग साम गुरुजींना बोलवा. त्यांनी सांगितलेली जागा सगळ्यांनी मुकाट्याने मानायची. न्यानताई लगेच हो म्हणाल्या. तोआनने माझ्याकडे बघितलं. मी चहा ओतला. प्रमुखाला कधी काय ओतायचं ते कळलं पाहिजे.

एक गोष्ट मात्र मियेनने आधीच सर्वांना बजावून ठेवली होती. माश्या एकदा पेटीत राहायला लागल्या की जागा बदलता येत नाही. पेटी चार पावलं बाजूला सरकवली तरी बाहेर गेलेल्या माश्या जुन्याच ठिकाणी परत येतात आणि रिकाम्या हवेत घिरट्या घालत बसतात. "तेव्हा जे ठरवायचं ते नीट ठरवा," ती म्हणाली होती. "ही काही सरकारी टपरी नव्हे, आज इथं आणि उद्या तिथं."

*

साम गुरुजी होकायंत्र घेऊन आले. अंगणाच्या मधोमध उभे राहून त्यांनी विचारलं, "घरमालकाचं जन्मवर्ष?"

"माझं?" तोआन म्हणाला.

"या घराच्या मालकाचं नव्हे. पेटीच्या घरमालकाचं."

"मग मियेनचं. तिच्यासाठीच आहे पेटी."

"चूक," लाककाका म्हणाले. "पेटीत मियेन राहणार आहे का? राणी राहणार. राणीचं जन्मवर्ष पाहिजे." राणी म्हटल्यावर राजघराण्याचा आवाज जरा चढला होता.

गुरुजी क्षणभर विचारात पडले. चाळीस वर्षांच्या धंद्यात त्यांना असा यजमान मिळाला नव्हता. पण मागे हटले तर गुरुजी कसले? नाम दोंगला फोन लावला गेला. मेव्हण्याने सांगितलं की राणी याच वसंतातली आहे.

"म्हणजे कुत्र्याचं वर्ष," गुरुजींनी बोटं मोजली. आमच्याकडे बारा वर्षांना बारा प्राणी नेमून दिलेले आहेत. "राणी कुत्र्याच्या वर्षातली. तोंड पूर्वेला. मागच्या कोपऱ्यात, मठाच्या भिंतीलगत. आणि दारासमोर आडभिंत हवीच. आडभिंतीशिवाय घर म्हणजे भुतांना उघडा रस्ता."

आमच्याकडे घरासमोर आडभिंत असतेच. भुतं सरळ चालतात, त्यांना वळता येत नाही, असं आम्ही मानतो. वळता येणारी भुतं असतात ती बहुतेक नातेवाईक असतात.

मागचा कोपरा सर्वांना पसंत पडला. पलीकडे मठाची स्मशानभूमी, तिथून तक्रार येण्याची शक्यता नव्हती. तोआनने पेटी तिथे नेली, रेडिओ मोठा केला आणि खिडकीशी आला.

"ऐकू येतं?"

"बरं आहे," मियेन म्हणाली.

"ऐकू येतं का ते सांग."

"बरं आहे म्हटलं ना. गुरुजींना चहा द्या."

तोआनने गुरुजींना चहा दिला. मग विटा आणून पुरुषभर उंचीची आडभिंत बांधली. नाम दोंगहून माश्या आल्या तेव्हा त्या पेटीच्या दारातून निघून, भिंत लागल्यामुळे थेट वर चढायच्या आणि सगळ्यांच्या डोक्यांवरून निघून जायच्या. कुणाच्या केसांत गेल्या नाहीत, अंगरख्यावर ठिपका पडला नाही. लाककाका भेटेल त्याला सांगत सुटले की गुरुजींचं शास्त्र पक्कं आहे. भुतांसाठी बांधलेली भिंत माश्यांना कामी आली होती, आणि गल्लीत शांतता नांदत होती. मी बऱ्यापैकी समाधानात होतो.

मियेनला मात्र काही ऐकू येत नव्हतं.

*

पहिले काही दिवस संध्याकाळी तोआन तिला वेताच्या खुर्चीसकट उचलून मागे न्यायचा. अर्धा तास ती पेटीकडे कान लावून बसायची आणि मग तो तिला परत आणायचा. त्याची कंबर काही फाटक नव्हे. एकदा पडली ती उठेचना. मग पावसाळा लागला. आमच्याकडचा पाऊस पडत नाही, राहायला येतो. खुर्ची घरातच राहिली.

एका दुपारी मी त्यांच्या दारावरून जात होतो तर आतून विचित्र आवाज आला. दार लोटून बघतो तो तोआन खिडकीशी उभा आणि ओठ मिटून गुणगुणतोय.

"असं नाही," मियेन म्हणाली. "ही मालगाडी झाली."

त्याने आवाज बारीक केला.

"ही पॅसेंजर. तीसुद्धा उशिरा सुटलेली."

"आज सकाळी असाच आवाज होता त्यांचा," तोआन म्हणाला.

"अहो, तो एकाचा आवाज नसतो. हजारो असतात. तुम्ही एकटे कसे काढाल?" मग तिला मी दिसलो. "या प्रमुख. तुम्हीसुद्धा करता का? दोघं मिळून बघा."

आम्ही दोघांनी मिळून केलं. गल्लीच्या प्रमुखाने ते करावं की नाही याबद्दल कुठे नियम नाही. मियेन इतकी हसली की तिचा डावा ओठही थोडा वर गेल्यासारखा वाटला. हसून झाल्यावर ती बाहेर बघत बसली. तोआन तिच्याकडे बघत बसला. मी छत्री घेतली.

वर्षाचा शेवटचा महिना आला. न्यानताईंच्या अंगणात चुली पेटल्या आणि गल्लीभर आल्याचा झणका सुटला. दोन-चार माश्या साखरेकडे गेल्या, पाकात पडल्या आणि मेल्या. न्यानताई त्या बशीत घालून, बशी माझ्या टेबलावर ठेवून म्हणाल्या, "हे बघा. मागच्या कोपऱ्यातून आल्यात. भिंतीशी असत्या तर काय झालं असतं?"

मी बशी तोआनकडे नेली. त्याने माश्या जास्वंदीच्या मुळाशी ओतल्या, बशी धुतली, आणि ती परत द्यायला स्वतः गेला. परत यायला त्याला दोन तास लागले. न्यानताईंच्या माळ्याचं कौल सरकून साखरेच्या पोत्यांवर पाणी गळत होतं म्हणे. तो वर चढून ते बसवून आला.

"माणूस भला आहे," न्यानताई मला म्हणाल्या. "माश्या सोडल्या तर."

*

आता तेतची गोष्ट. तेत म्हणजे आमचं नवं वर्ष. त्या सकाळी घरात पहिलं पाऊल कुणाचं पडतं त्यावर घराचं वर्ष कसं जाणार ते ठरतं, म्हणून पाहुणा आधीच ठरवून ठेवतात. घरधनिणीच्या जन्मवर्षाशी जुळणारा, घरात सुतक नसलेला, शक्यतो हसतमुख. न्यानताई वाघाच्या वर्षातल्या, मी घोड्याच्या. हे जुळतं. म्हणून गेली काही वर्षं त्यांच्याकडचं पहिलं पाऊल माझं असतं.

त्या तेतला ऊन पडलं होतं. आमच्याकडे तेतला ऊन पडणं म्हणजे पाहुण्याने जेवायला नको म्हणण्याइतकी दुर्मीळ गोष्ट. मी नवा सदरा घालून न्यानताईंच्या फाटकाशी आलो. त्या लांब अंगरखा घालून दारात उभ्या होत्या. मी पाऊल उचललं.

तेवढ्यात डोक्यावरून काहीतरी गेलं. आधी मला वाटलं की विमान आहे. मग सावली पडली. मठाच्या बाजूने माश्यांचा काळा-सोनेरी गोळा तोआनच्या छपरावरून वाहत आला, न्यानताईंच्या भिंतीशी जरा रेंगाळला, आणि माळ्याच्या झरोक्यातून आत जाऊ लागला. जातच राहिला. माझं पाऊल हवेतच होतं.

"प्रमुख!" न्यानताई ओरडल्या. "आत या ना लवकर!"

"आता लवकर येऊन काय उपयोग, ताई? मी हरलो."

तोआन धावत आला. हातात टोपली आणि चादर. पण तो फाटकाशीच थांबला. दुसऱ्याच्या घरात या दिवशी न बोलावता कोण शिरतं? लाककाका त्यांच्या पांढऱ्या अंगरख्यात आले आणि ठिपक्यांच्या भीतीने छत्री उघडून उभे राहिले.

"भाऊ, घेऊन जा या!" न्यानताई म्हणाल्या. "तुमच्याच आहेत ना?"

तोआन टोपली घेऊन पुढे झाला. लाककाकांनी छत्री आडवी धरली.

"काय करता? तेतच्या दिवशी घरातून काही बाहेर काढायचं?"

तोआनने टोपली खाली ठेवली. तेतच्या तीन दिवसांत आम्ही घराबाहेर केरसुद्धा टाकत नाही. केराबरोबर कुठला कण लक्ष्मीचा असेल सांगता येत नाही. आणि इथे तर वर्षाचा पहिला पाहुणा, स्वतःच्या पंखांनी आलेला, हजारोंनी. त्याला टोपलीत भरून हाकलायचं?

न्यानताईंचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. एका बाजूला साखर, एका बाजूला नशीब. त्यांनी तिथेच उभ्या उभ्या साम गुरुजींना फोन लावला.

"गुरुजी, नव्या वर्षाच्या शुभेच्छा. पहिलं पाऊल माश्यांचं पडलं. हो, माश्यांचं... नाही, प्रमुख आले होते, पण उशिरा... कुठल्या वर्षातल्या? अहो, तुम्हीच तर बघितलं होतं!" मग त्या बराच वेळ ऐकत राहिल्या आणि त्यांची मान हळूहळू ताठ होत गेली. फोन ठेवून त्यांनी आम्हाला सांगितलं, "वाघ आणि कुत्रा. उत्तम जुळतं. घोड्याइतकंच. शिवाय राणी आहे."

गेली काही वर्षं मी नुसताच प्रमुख होतो, ही बाब कुणी बोलून दाखवली नाही.

"तीन दिवस राहू देत," न्यानताई म्हणाल्या. "मग बघू."

तीन दिवसांनी आम्ही शिडी लावून बघितलं. माळ्यावरच्या जुन्या लाकडी पेटाऱ्याचा एक कोपरा कुजलेला होता, आणि तो बरोबर झरोक्याला टेकलेला होता. आत पांढरंशुभ्र नवं पोळं लोंबत होतं. न्यानताई शिडीच्या मधल्या पायरीवर बराच वेळ उभ्या होत्या. खाली उतरल्या तेव्हा त्यांनी निकाल दिला.

"घर बांधलं त्यांनी. आता कसं काढायचं, भाऊ? राग मानू नका. तुमच्याकडून आल्या, पण माझ्याकडे राहिल्या. आता माझ्या म्हणायच्या."

"तुमच्याच, ताई," तोआन म्हणाला.

"आणि साखरेचं मी बघून घेईन. जाळी बांधीन."

"आलं घामेजेल," मी म्हणालो.

"उंच बांधली तर नाही घामेजत," न्यानताई म्हणाल्या, आणि माझ्याकडे अशा बघू लागल्या की जणू हे मला इतकी वर्षं कळायला हवं होतं.

घरी परतताना तोआन आणि मी त्याच्या अंगणातून गेलो. झरोका मियेनच्या खिडकीच्या अगदी समोर होता, मधे फक्त कुंपणभिंत आणि हातभर हवा. माश्या झरोक्यातून निघून भिंतीवरून उंच जात होत्या. मियेन खिडकीत डोळे मिटून बसली होती. आम्ही जवळ आलो तरी तिने डोळे उघडले नाहीत. नुसता उजवा हात वर केला: बोलू नका.

आम्ही पाय न वाजवता मागे गेलो. आडभिंतीमागे पेटी होती. आत मूठभर माश्या उरल्या होत्या. पुढे महिन्याभरात त्याही उठून गेल्या.

"कौल बसवायला वर गेला होतास," मी म्हणालो.

"हो."

"पेटारा तिथेच होता?"

"होता. जरा इकडे होता. मी जरा तिकडे केला." त्याने पेटीचं झाकण नीट लावलं. "आतून जुनं मेण चोळलं थोडं. मियेनचा बाप असंच करायचा. वास आवडला तर येतात, नाही आवडला तर नाही येत."

"आणि तेतचा दिवस?"

"तो त्यांनीच निवडला. त्यांना मी कशाला सांगायला जातो?"

"तुझ्या माश्या गेल्या पण, तोआन."

"गेल्या कुठे?" तो म्हणाला. "आहेत की."

मी गल्लीचा प्रमुख आहे. अशा गोष्टी माझ्या कानांवर आल्या तर मला काहीतरी करावं लागतं. "मी हे ऐकलं नाही," मी म्हणालो.

"मीही बोललो नाही," तोआन म्हणाला.

*

मेव्हण्याने दुसऱ्या माश्या देऊ केल्या. तोआन नको म्हणाला. जागा नाही म्हणाला. अंगणाचा मागचा कोपरा, पूर्वेकडे तोंड, समोर आडभिंत, सगळं होतं. मेव्हण्याला काही कळलं नाही.

पपनसाची झाडं फुलली तसा खिडकीतला आवाज वाढला. मला रस्त्यावरून ऐकू यायचा असं नाही, पण मियेनकडे बघून कळायचं. ती हल्ली कमी टोमणे मारते अशी तोआनची तक्रार होती. "सारखी ऐकत बसते. मी काही विचारलं तर हात वर करते. तीस वर्षं मी लोकांना थांबवलं, आता ही मला थांबवते." हे सांगताना तो हसत होता.

फुलं झडल्यावर मध काढला. शिडीवर तोआन चढला आणि शिडी न्यानताईंनी धरली. "हळू," त्या खालून सांगत होत्या, "माझ्या माश्या आहेत. सगळं घेऊ नका, त्यांना खायला ठेवा. भाऊ, तुम्हाला सवय नाही, घाई करू नका." तोआन "हो ताई, हो ताई" म्हणत होता. पोळ्याचा तुकडा ताटात घेऊन तो खाली उतरला, ताट न्यानताईंच्या हातात दिलं आणि घरी आला.

संध्याकाळी मी त्यांच्याकडे बसलो होतो. न्यानताई आल्या. एरवी त्या भिंतीवरूनच हाक मारतात. त्या दिवशी फाटकातून आल्या, केस विंचरून. हातात तबक आणि तबकावर झाकलेला वाडगा.

"भाऊ, आमच्याकडचा मध. फार नाही, चवीपुरता आहे. मियेनला द्या."

तोआन उठला. सदऱ्याचं वरचं बटण लावलं. वाडगा दोन्ही हातांनी घेतला आणि मान झुकवली, जशी थोरांकडून काही घेताना झुकवतात.

"कशाला एवढा त्रास घेतलात, ताई?"

"त्रास कसला? घरचाच आहे."

त्याने झाकण काढून वास घेतला. मियेन आतून बघत होती.

"छान आहे," तो म्हणाला. "कुठल्या फुलांचा?"

"पपनसाच्या," न्यानताई म्हणाल्या, आणि खुर्ची ओढून बसल्या. मग माश्या मध कसा आणतात, पोळ्यात कसा भरतात आणि तो कसा काढायचा, हे त्यांनी त्याला पहिल्यापासून समजावून सांगितलं. तोआन वाडगा हातात धरून शेवटपर्यंत ऐकत होता.